घंटेच्या बाजूचं हिम

रेडिंग, पेन्सिल्वेनिया
६ फेब्रुवारी १९९५

कोरीन,

तुझा फोटो छापून आला हे मला तिघांनी कळवलं. नाण्यांच्या साप्ताहिकाचं तेच पान तिघांनी वेगवेगळं कापून आणलं आणि माझ्या काउंटरवर ठेवलं, जसं काही माझ्याकडे ते साप्ताहिक येतच नाही. विल्मर स्टोल्ट्झ आठवतो ना? मोज्यांच्या गिरणीत फिटर होता, पॉपच्या दुकानात त्यांच्या हातची कॉफी पिऊन तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा कप पुढे करायचा. तो तर टाचण्याही घेऊन आला.

"आर्लीन, कॅमिओ पारखण्यात हिच्या तोडीचं देशात कुणी नाही असं लिहिलंय. अभिमान वाटत असेल नाही तुला?"

"वाटतो तर," म्हटलं. त्याच्यादेखत कात्रण भिंतीला लावलं. तो गेल्यावर काढलं.

फोटोत बारीक दिसतेस. केस अजून काळे ठेवलेस. पॉपच्या दफनाला आली होतीस तेव्हा पिकायला लागले होते, म्हणजे या सहा वर्षांत तू आणखी तरुण झालीस. फ्लोरिडाचं पाणी मानवलं म्हणायचं.

मुलाखत मी दोनदा वाचली. पारख कुठे शिकलात, या प्रश्नाला तू उत्तर दिलंस, "घरी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी आणि वडील बसायचो." कोरीन, त्या टेबलाशी तीन खुर्च्या होत्या. तिसरीवर मी बसायचे.

विसरली असशील तर सांगते. तू सात वर्षांची, मी पंधराची. आई भांडी घासतेय. पॉप दुकानातून सहा प्रूफ नाणी घेऊन यायचे, फ्रँकलिनचे अर्धे डॉलर, एका बाजूला त्याचा चेहरा, दुसरीला ती तडा गेलेली घंटा. टांकसाळीने संग्राहकांसाठी चकचकीत साच्यांवर काढलेली, कधी कुणाच्या खिशात न गेलेली. सगळे दिवे बंद करून एकच बल्ब ठेवायचे. "बघा पोरींनो. मागची पाटी आरशासारखी काळी हवी आणि चेहरा हिमासारखा पांढरा, त्यालाच कॅमिओ म्हणतात. साचा नवा असतो तेव्हा पहिल्या थोड्या नाण्यांवरच हे हिम उतरतं. मग साचा झिजतो आणि सगळंच नुसतं चमकतं. दोन्ही बाजूंना हिम आहे असं यातलं कुठलं?"

मी एकेक नाणं हातात घेऊन वळवत बसायचे. तू हनुवटी टेबलावर टेकवून, हातसुद्धा न लावता म्हणायचीस, "ते. आणि त्या शेवटच्याच्या गालावर आहे पण घंटेवर नाही." पॉप हसायचे ते अगदी पोटातून. मग मलाही दिसायचं. तू सांगितल्यावर मला प्रत्येक वेळी दिसायचं.

असो. पॉपच्या सामानात तुझ्यासाठी म्हणून खास काही निघालं नाही, हे तेव्हा सांगितलंच होतं. दुकान ठीक चाललंय. उत्तराची घाई नाही.

आर्लीन


१९ मार्च १९९५

कोरीन,

तुझं उत्तर नाही, हे तुझ्या रीतीला धरूनच झालं. मी तक्रार करायला लिहीत नाही. एक गंमत सांगायची होती.

आज अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार होता. आपण लहानपणी जायचो तोच. अजूनही त्याच बायका त्याच मोठ्या पातेल्यातून डुकराचं मांस नि आंबट कोबी वाढतात, फक्त आता पार म्हाताऱ्या झाल्यात. तिथे एका दुकानदाराच्या टेबलावर १९५३ चा अर्धा डॉलर होता, तुमच्या नाणी पारखणाऱ्या कंपनीच्या प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद. चिठ्ठीवर "गडद कॅमिओ, दोन्ही बाजू" आणि खाली तुझी आद्याक्षरं. विल्मरने तो बघितला आणि तिथेच घेतला. त्रेपन्न हे त्याच्या लग्नाचं वर्ष. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तो दोन्ही बाजू पांढऱ्या असलेलं त्या सालचं नाणं शोधत होता. मिळत नाही, तुला माहीतच आहे. त्या सालात घंटेच्या बाजूला हिम धरलेलं नाणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

"कोरीनने पास केलंय," तो हॉलभर दाखवत फिरत होता. "मग बघायचंच काय!"

मीही हातात घेऊन दिव्याखाली धरलं. फ्रँकलिनची बाजू सुरेख आहे. घंटेचीही सुरेखच आहे. तुला काय वाटलं ती बघून? म्हणजे लगेच ठरवलंस की थोडी थांबलीस? तू एका नाण्याला नऊ सेकंदं देतेस असं साप्ताहिकात लिहिलंय. नऊ पुरतात? आणि कॅमिओचा शब्द तुझा एकटीचाच असतो ना, दुसरं कुणी तपासत नाही? सहज विचारते. शिकावं म्हणून.

बाकी माझी तब्येत उत्तम आहे. हल्ली झोप फार छान लागते.

आर्लीन


२८ मे १९९५

कोरीन,

विल्मर काल दुकानात आला. नेहमी दाराशी घंटी वाजली की बाहेरूनच ओरडतो, "कॉफी सुधारली का गं, की अजून बापासारखीच करतेस?" काल गप्प आला. टोपी काढून उभा राहिला. कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, त्यात ती डबी.

"आर्लीन, माझ्या हातून काहीतरी झालंय," म्हणाला.

मी डबी घेतली. फ्रँकलिन तसाच होता. घंटा पिवळी पडली होती आणि तिच्या कडेने पांढरं सुटायला लागलं होतं, खरूज झालेल्या कुत्र्याचे केस जातात तसं.

"कुठे ठेवलं होतंत?"

"स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर. तिचा फोटो आहे ना, त्याच्याजवळ. वाफ लागली असेल. नाहीतर ऊन. मला ठेवायची अक्कल नाही. दोन वर्षं शोधलं आणि दोन महिन्यांत वाट लावली." त्याचे हात बघ कसे आहेत, जाड, तेल मुरलेले. त्या हातांनी तो टोपी चुरगळत होता. "कोरीनला सांगू नकोस हं. ती म्हणेल, कुणा अडाण्याच्या हातात पडलं."

मी म्हटलं, "वाफेने होतं असं कधी कधी."

हो, मी असं म्हटलं. मान डोलावून म्हटलं. तो आणखी खचला आणि गेला.

तुझ्या कंपनीने पास केलेलं नाणं असं कसं निघालं, याचं तुला काय वाटतं ते कळव.

आर्लीन

२९ मे, सकाळ

पाकीट बंद केलं होतं. उघडलं. पुन्हा लिहिते आणि या वेळी खरं लिहिते, म्हणजे मला तुला खोटा प्रश्न विचारावा लागणार नाही.

घंटेवरचं हिम मी केलं.

ते नाणं माझ्या दुकानातलं. पुढून पांढरं, मागून नुसतं चकचकीत, असली ढिगाने पडलीत. दोन हिवाळे मी स्वस्तातल्या नाण्यांवर हात बसवत होते. कशाने केलं ते लिहीत नाही, तुमच्याकडे असलं करणारे आधीच पुष्कळ येत असतील. लावणं सोपं असतं. अक्षरांच्या कडेला थांबणं अवघड, घंटेच्या तड्यात न भरू देणं त्याहून अवघड. एक केस इकडेतिकडे झाला की पाटी मळते. अडतीस नाणी फुकट गेली. एकोणचाळिसावं साधलं. मग ते एका ओळखीच्या दुकानदाराला दिलं आणि सांगितलं, तुझ्या नावाने टँपाच्या कंपनीत पाठव, कोरीनच्या टेबलावर जाऊ दे. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. विकू नकोस म्हणून त्याला बजावलं नाही, कारण मी तिथवर विचारच केला नव्हता. मला फक्त ती चिठ्ठी हवी होती.

चिठ्ठी आली. "गडद, दोन्ही बाजू." आणि तुझी आद्याक्षरं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि एकटीने अख्खा शूफ्लाय पाय, आपला तो काकवीचा गोड केक, खाल्ला. तुला कधी कुणाचा हेवा करावा लागला नाही, म्हणून तुला कळणार नाही त्याची चव. मला वाटलं, चाळीस वर्षांनी त्या टेबलावर मी पॉपला म्हणाले, "बघा, तुमच्या लाडकीला दिसलं नाही." आणि मी जिंकले.

मग तो म्हातारा टोपी चुरगळत उभा राहिला आणि स्वतःलाच दोष द्यायला लागला.

हे पत्र तू कंपनीत दाखवलंस तरी चालेल. माझं नाव पूर्ण लिहिते.

आर्लीन राइफस्नायडर


१८ जून १९९५

कोरीन,

फोनवर मी नीट बोलले नाही. तू बोलत होतीस आणि मी वायरला गाठी मारत होते. म्हणून एकेका गोष्टीचं उत्तर आता देते.

मला वाटलं होतं तू ओरडशील. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि पहिलं वाक्य काय, तर "तड्यात कसं भरू दिलं नाहीस गं?" मी म्हटलं, "घोड्याच्या शेपटीचा एक केस." तू म्हणालीस, "बाई गं! एवढी कारागिरी हातात होती आणि पॉपला कधी दाखवली नाहीस?" उत्तर हे की, पॉपनी कधी विचारलं नाही.

मग तू म्हणालीस, "आर्लीन, मला ती घंटा दिसलीच नाही." मी तेव्हा हसले, त्याची माफी मागते. मला वाटलं, तू सबब सांगतेस. म्हणून तू पुन्हा सांगितलंस, हळू, लहान मुलाला सांगतात तसं. तीन वर्षं झाली. सकाळी उठलं की डोळ्यांपुढे दुधाळ पडदा, दुपारी एक-दोनपर्यंत तो उतरतो. तू होईल तेवढं काम दुपारी घ्यायचीस, कुणाला कळू दिलं नाहीस. त्या दिवशी साहेबांनी घाई केली आणि ती पेटी सकाळी नऊला टेबलावर आली.

"सकाळी मला सगळ्याच नाण्यांवर हिम दिसतं," असं म्हणालीस.

कोरीन, ते वाक्य ऐकून मी फोन ठेवल्यावर जिन्याच्या पायरीवर किती वेळ बसले होते, मला सांगता येणार नाही. ज्या आखाड्यात समोर कुणी उभंच नव्हतं, तिथे मी शड्डू ठोकून विजयाचा शूफ्लाय पाय खाऊन आले होते.

आणि डॉक्टर म्हणतात ना, बुबुळाचा हा आजार रक्तातून येतो, आईकडून नाहीतर बापाकडून. तर ऐक. पॉप शेवटची आठ-नऊ वर्षं दुपारी बाराला खाली दुकानात यायचे. मी नऊला उघडून बसायचे. सकाळी कुणी नाणं दाखवायला आणलं तर वरूनच सांगायचे, "दुपारी बघू." मला वाटायचं, आळस. कधी वाटायचं, रात्रीची बीअर. मी गिऱ्हाइकांसमोर टोमणे मारले आहेत, "आमचे साहेब उठले की बघतील." त्यांचे डोळे तुला मिळाले म्हणून मी जन्मभर जळत राहिले. त्या डोळ्यांबरोबर तुला आणखी काय मिळालं होतं ते मला काय ठाऊक? मी सहा महिन्यांपूर्वी तपासून घेतले. माझे ठणठणीत आहेत. दूरचं, जवळचं, सगळं स्वच्छ दिसतं. फक्त कॅमिओ कळत नाही.

आता मी काय केलं ते.

विल्मरकडे गेले. त्याच्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगितलं. तो फळीवरच्या फोटोकडे वळला.

"म्हणजे वाफ नव्हती?" एवढंच विचारलं.

"नव्हती. मी होते."

"मी तिची माफी मागत होतो रोज," म्हणाला, "तिचं नाणं नासवलं म्हणून." मग उठला आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. सभ्यपणे. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि त्याला दुसरं त्रेपन्न सालचं नाणं दिलं, दोन्ही बाजू खऱ्या पांढऱ्या. त्याने घेतलं. दुकानात मात्र तो आता येत नाही. रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

ते नाणं कुठून आलं, हे तुला सांगायला हवं. पॉपच्या कपाटात एक पाकीट होतं, वर तुझं नाव, त्यांच्याच अक्षरात. आत त्या सहातलं तेच एक. तू हनुवटी टेकवून "ते" म्हणायचीस ना, ते. मी सहा वर्षं तुला सांगितलं नाही. इतकंच नाही, खोटी घंटा रंगवताना मी ते समोर नमुना म्हणून ठेवलं होतं. तुझ्याच नाण्यावरून तुला फसवलं, आणि आता तुला न विचारता देऊनही टाकलं. याचं काय करायचं ते तू ठरव. मला वाटलं, आपल्या दोघींपेक्षा ते त्याला जास्त लागत होतं. पण तो वाटण्याचा अधिकार माझा नव्हता, हेही कळतं.

नाणे-विक्रेत्यांच्या मंडळाला मी पत्र लिहिलं. त्यांनी माझं सभासदत्व रद्द केलं आणि साप्ताहिकाच्या पुढच्या अंकात नाव छापणार आहेत. म्हणजे त्या साप्ताहिकात आपण दोघी येऊन जाऊ, एकाच वर्षात.

तू स्वतः साहेबांना डोळ्यांचं सांगितलंस आणि तीन वर्षांची सकाळची सगळी नाणी परत तपासायला लावलीस, हे मी ऐकलं. तुझ्याकडून नाही, एका विक्रेत्याकडून. तो म्हणाला, "तुझी बहीण खुर्चीवरून उतरली ती ताठ मानेने उतरली." खरं सांगू? त्याही क्षणी मला हेवाच वाटला. खुर्चीवरून उतरतानासुद्धा तूच माझ्यापेक्षा चांगली दिसावीस?

आर्लीन


३ सप्टेंबर १९९५

कोरीन,

तुझं पत्र मिळालं. अक्षर मोठं आणि वाकडं झालंय, पण वाचता आलं. नाण्याबद्दल तू फक्त एकच ओळ लिहिलीस, "विल्मरच्या फळीवर बरं दिसत असेल." मी ती ओळ पुष्कळदा वाचली आणि त्यात राग शोधला. सापडला नाही. तुझ्यात तो कधीच नीट सापडला नाही, हीच माझी पंचाईत.

चौदा तारखेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवणार. त्यानंतर दोन आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, आणि दिवसातून सहा वेळा थेंब. तू लिहितेस, "शेजारीण येईल म्हणते, पण तिला कुत्री फार. तुला दुकान सोडून जमणार नाही, मला माहीत आहे."

दुकान मी जुलैतच बंद केलं. तुला सांगितलं नाही. पाटी उतरवली, काउंटर एका चपलांच्या दुकानवाल्याने नेला. गिऱ्हाईक येत नव्हतं, आणि आलं तरी माझ्या हातात नाणं द्यायला बिचकत होतं. ते बरोबरच होतं.

तेव्हा येतेय. थेंब मी घालीन. हात स्थिर आहे, ते तू जाणतेसच. शेजारणीला आणि तिच्या कुत्र्यांना राहू दे. तुझ्याकडे जेवणाचं काय करतेस माहीत नाही, मी सोबत स्क्रॅपलचा, आपल्याकडच्या त्या डुकराच्या मांसाच्या वडीचा, एक ठोकळा बर्फात घालून आणतेय, तिकडे चांगलं मिळत नसेल.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते, म्हणजे घरात कुणाला घेतेस ते तुला ठाऊक असावं. रविवारी चर्चमध्ये मी तुझ्या डोळ्यासाठी प्रार्थना केली. गुडघे टेकून, मनापासून. आणि मधेच विचार आला, हा डोळा आला की ती परत त्या खुर्चीवर बसेल, परत ते साप्ताहिक, परत फोटो. मी तिथेच थांबले. पुढची प्रार्थना जमेना. शेजारच्या बाईला वाटलं, मला रडू आलं म्हणून, तिने रुमाल दिला. मी घेतला.

तू बरी व्हावीस असं मला वाटतं. पूर्ण बरी व्हावीस, असं अजून वाटत नाही. येईपर्यंत वाटायला लागेल. बसला दीड दिवस लागतो.

आर्लीन